लॉर्ड सॉल्सबरी वाचायला ‘हिस्टॉरिक हॅन्सार्ड’: तारीख हातात असेल तरच उघडा

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा कापला तो माणसांच्या नावांच्या घोळासाठी, अर्धा स्कॅनिंगच्या चुकांसाठी.

ब्रिटिश पार्लमेंटच्या वादविवादांचे जुने छापील खंड स्कॅन करून केलेला हा संग्रह आहे. १८०३ ते २००५ एवढा त्याचा पल्ला. खातं काढावं लागत नाही, पैसे लागत नाहीत, पानं साध्या मजकुराची असल्याने जांबोटी-कणकुंबीकडच्या रडतखडत चालणाऱ्या रेंजवरही उघडतात. गूगलवर ‘हिस्टॉरिक हॅन्सार्ड’ इंग्रजीत टाकलं की सापडतो. सगळ्या संग्रहाचं परीक्षण एका लेखात होणार नाही, म्हणून एकच माणूस घेतला आहे: व्हिक्टोरियाच्या काळातले हुजूर पक्षाचे पुढारी, तीनदा पंतप्रधान झालेले तिसरे मार्क्वेस ऑफ सॉल्सबरी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे एम.ए.ला इतिहास घेतलेल्यांना किंवा आपल्या भागाचा इतिहास लिहिणाऱ्यांना हा माणूस टाळता येत नाही. १८५६ नव्हे, १९५६ सालचे कागद आपल्याकडे घरोघरी पाठ असतात, सीमाप्रश्नाने ती सवय लावली आहे. पण त्याआधीच्या मुंबई इलाख्याचे निर्णय लंडनमध्ये कोणाच्या सहीने होत, हे फारसं कोणी उघडून बघत नाही.

ओळख थोडक्यात. रॉबर्ट गॅस्कॉइन-सेसिल, जन्म ३ फेब्रुवारी १८३०, हॅटफील्ड हाउस. ईटनमध्ये इतका छळ झाला की पंधराव्या वर्षी शाळेतून काढून घ्यावं लागलं. पुढे ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च. २२ ऑगस्ट १८५३ रोजी स्टॅमफर्डमधून बिनविरोध खासदार झाले. १८५७ मध्ये वडिलांच्या मर्जीविरुद्ध जॉर्जिना ऑल्डरसनशी लग्न केलं आणि घरून येणारा पैसा आटला, तेव्हा नियतकालिकांत लेख लिहून संसार चालवला. दोनदा भारतमंत्री (म्हणजे लंडनच्या मंत्रिमंडळात हिंदुस्थानचं खातं सांभाळणारे मंत्री), मग परराष्ट्रमंत्री, मग १८८५-८६, १८८६-९२ आणि १८९५-१९०२ असे पंतप्रधान. मृत्यू २२ ऑगस्ट १९०३, म्हणजे पहिल्या निवडीला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी. यातलं लग्न, लेखनाची कमाई, हॅटफील्डला वीज खेळवण्याची हौस असलं काहीही या संग्रहात मिळणार नाही. त्याला चरित्रच वाचायला हवं. इथे मिळतो तो सभागृहात उभा राहिलेला माणूस.

आता नावांचा घोळ. याची फोड आधी केली नाही तर पुढचं सगळं वाचन चुकीच्या माणसाच्या खात्यावर जातं. उमराव घराण्यात वारसा पुढे सरकला की माणसाचं नाव बदलतं. आपले सॉल्सबरी तीन नावांनी सापडतात. १८५३ ते जून १८६५ ‘लॉर्ड रॉबर्ट सेसिल’. जून १८६५ मध्ये थोरला भाऊ वारला, म्हणून तिथून एप्रिल १८६८ पर्यंत ‘व्हायकाउंट क्रॅनबोर्न’. एप्रिल १८६८ मध्ये वडील गेले, तिथून शेवटपर्यंत ‘मार्क्वेस ऑफ सॉल्सबरी’. अडचण अशी, की ही तिन्ही नावं घरात आधी किंवा नंतर दुसऱ्यांनीही वापरली आहेत. एप्रिल १८६८ पूर्वी लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, बोललेला मार्क्वेस ऑफ सॉल्सबरी म्हणजे वडील. ते स्वतः मंत्री होते, त्यामुळे त्यांची भाषणंही बरीच आहेत. १८८५ नंतर कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहात, दिसणारा व्हायकाउंट क्रॅनबोर्न म्हणजे थोरला मुलगा. १९०६ नंतरचा लॉर्ड रॉबर्ट सेसिल म्हणजे धाकट्यांपैकी एक मुलगा, ज्याला पुढे १९३७ चं शांततेचं नोबेल मिळालं. ऑगस्ट १९०३ नंतरचा मार्क्वेस पुन्हा तोच थोरला मुलगा.

एवढ्यावर भागत नाही. एप्रिल १८७८ मध्ये सॉल्सबरींनी भारतमंत्रिपद सोडलं, त्या जागी गॅथॉर्न हार्डी आले आणि लगेच त्यांना ‘व्हायकाउंट क्रॅनब्रुक’ ही पदवी मिळाली. क्रॅनबोर्न आणि क्रॅनब्रुक, दोघेही भारतमंत्री, दोघेही हुजूर पक्षाचे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ही गल्लत सर्रास होऊ शकते, यंत्राने केलेल्या नावांच्या जोडणीत तर होतेच. म्हणून ‘पीपल’ विभागात सॉल्सबरींचं पान उघडून तिथल्या वर्षवार यादीवर डोळे मिटून विसंबू नये. यादी कामाची आहे, कोणत्या वर्षी कशावर बोलले याचा अंदाज पटकन येतो. पण उतारा घेण्याआधी मूळ दिवसाच्या पानावर जाऊन तारीख आणि सभागृह ताडून पाहा. १८६८ पर्यंत ते कॉमन्समध्ये, त्यानंतर फक्त लॉर्ड्समध्ये. ही एकच ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली तरी निम्म्या चुका टळतात.

वापरण्याची सरळ वाट तारखेची आहे. शतक, दशक, वर्ष, महिना, दिवस असं एकेक दाबत जायचं. दिवस उघडला की कॉमन्स आणि लॉर्ड्स अशा वेगळ्या याद्या येतात. तिथे ब्राउझरच्या पानात-शोधा सोयीत ‘इंडिया’ हे इंग्रजी अक्षरांत टाका. आपल्याकडच्या विषयांची शीर्षकं बहुधा ‘इंडिया’ किंवा ‘ईस्ट इंडिया’ याने सुरू होतात. महिना रिकामा दिसला तर साइट बिघडली असं समजू नका. पार्लमेंटचं अधिवेशन त्या काळी साधारण फेब्रुवारीत सुरू होऊन ऑगस्टमध्ये संपे, शरद ऋतूत उमराव शिकारीला. हिंदुस्थानचा वार्षिक हिशेब कॉमन्समध्ये अधिवेशनाच्या शेपटाला, बाकं रिकामी झाल्यावर निघे. त्यामुळे जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्टचे पहिले दिवस आधी चाळावेत.

नावानेच शोधायचं असेल तर स्पेलिंग जुनं वापरा. बेळगाव तेव्हाही बी-ई-एल-जी-ए-यू-एम असंच आहे, त्यात अडचण नाही. पण मराठा हा शब्द बहुतेक ठिकाणी एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असा येतो, धारवाडच्या शेवटी ‘डी’ऐवजी ‘आर’ येतो आणि गायकवाडांचं स्पेलिंग तर जी-यू-आय-सी-ओ-डब्ल्यू-ए-आर असंही भेटतं. विजापूर जिल्हा शोधणाऱ्याने कलादगी शोधावं, कारण त्या काळी जिल्ह्याचं ठाणं तिथे होतं. बेळगाव जिल्ह्यातले तालुकेही बदलले आहेत: परसगड म्हणजे आजचा सौंदत्ती भाग, संपगाव म्हणजे बैलहोंगल भाग. शोधासाठी पार्लमेंटची नवी हॅन्सार्ड साइट बरी, तिथे तारखेची चौकट आणि सभागृह ठरवून शोधता येतं. जुन्यावर वाचा, नव्यावर शोधा, असं काम वाटून घेतलं तर दोन्ही साइटी उपयोगी पडतात.

काय वाचावं? सुरुवात १५ जुलै १८६७ पासून करावी. हुजूर पक्षाचेच पुढारी डिझरायली यांच्या मताधिकार-सुधारणा विधेयकावरून क्रॅनबोर्नांनी मार्चमध्येच भारतमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. विधेयकाच्या तिसऱ्या वाचनाच्या वेळी त्यांनी आपल्याच पक्षाच्या नेत्यांवर विश्वासघाताचा आरोप केला. लोकशाहीची धास्ती, कामगारांच्या हाती मत जाण्याची भीती आणि तरीही पदाला लाथ मारण्याची तयारी, हे सगळं त्या एका भाषणात आहे. गंमत म्हणजे त्याच डिझरायलींच्या मंत्रिमंडळात ते १८७४ मध्ये परत भारतमंत्री झाले.

आपल्यासाठी खरी मोलाची तारीख २४ मे १८६७, खंड १८७, विषय म्हैसूर. मुम्मडी कृष्णराज वोडेयरांनी १८६५ मध्ये घेतलेलं दत्तकविधान कलकत्त्याचं सरकार मानायला तयार नव्हतं. लंडनने एप्रिल १८६७ मध्ये ते मानलं, आणि मग १८८१ मध्ये म्हैसूर राजघराण्याला परत मिळालं. त्या चर्चेत, नुकतंच मंत्रिपद सोडलेल्या क्रॅनबोर्नांचं म्हणणं असं होतं, की नीट कारभार असलेली छोटी देशी संस्थानं हिंदी लोकांच्या राजकीय आणि नैतिक वाढीला फार पोषक असतात. दादाभाई नौरोजींनी हे भाषण पुढे इंग्रजांच्याच तोंडावर मारलं. बेळगावात बसून हा उतारा वाचताना नकाशा समोर ठेवावा. जिल्हा इंग्रजांचा, पण भोवती सांगली, कुरुंदवाड, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावंतवाडी, कोल्हापूर अशा संस्थानांची ठिगळं, आणि शहराला चिकटलेलं शहापूर थेट सांगलीकर पटवर्धनांचं. छोट्या संस्थानांबद्दलचं हे मत आपल्या रस्त्यांवर लागू होत होतं. आठ वर्षांनी याच माणसाच्या हाताखाली बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं गेलं. चौकशी आयोगातल्या इंग्रज आणि हिंदी सदस्यांत दुफळी पडली होती, तरी गैरकारभाराचं कारण पुढे करून निर्णय झाला. १८६७ चं भाषण आणि १८७५ च्या एप्रिलनंतरची प्रश्नोत्तरं एकापुढे एक वाचली की ‘नीट कारभार’ कोणी ठरवायचा, हे कळतं.

त्याच १८६७ चा २ ऑगस्ट, ओरिसाचा दुष्काळ. जुलै १८६६ मध्ये पद घेतल्यावर पंधरवड्यातच क्रॅनबोर्नांना हिंदुस्थानचा हिशेब मांडावा लागला होता आणि तिकडे माणसं मरत होती. वर्षभराने त्यांनी अधिकाऱ्यांच्या अर्थशास्त्रभक्तीवर कोरडे ओढले: बाजार आपोआप धान्य पोचवील, हा नियम देवासारखा पुजला गेला. मात्र आपण स्वतः दोन महिने काही केलं नाही, ही त्यांची प्रसिद्ध कबुली हॅन्सार्डमध्ये शोधू नका. ती सभागृहाबाहेरची आहे.

मग १८७६-७८ चा दुष्काळ, ज्यात बेळगाव, धारवाड, कलादगी होरपळले. इथे संग्रह निराश करतो, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. पावसाने दगा दिला १८७६ च्या मोसमात. अधिवेशन ऑगस्टमध्ये संपलेलं, पुढचं सुरू झालं ८ फेब्रुवारी १८७७ ला. मधल्या काळात भारतमंत्री सॉल्सबरी तुर्कस्तानच्या प्रश्नावरच्या परिषदेसाठी कॉन्स्टँटिनोपलला गेले होते. जानेवारीत दिल्लीला दरबार भरला, त्याच महिन्यात हिंदुस्थान सरकारने दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी उतरवली: पुरुषाला १ पौंड धान्याची किंमत आणि वर १ आणा. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावचे अहवाल छापत होती. या सगळ्यावर लंडनच्या सभागृहात जे काही बोललं गेलं ते नंतर, तुटक आणि सरकारी तारांच्या आधाराने. शिवाय सॉल्सबरी लॉर्ड्समध्ये. कॉमन्समधली उत्तरं उपमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन देत, तीही उघडावी लागतात. (हेच हॅमिल्टन १८९५ नंतर भारतमंत्री. प्लेग, रँडचा खून, टिळकांवरचा खटला या वेळची उत्तरंही त्यांचीच. दोन काळांतला फरक तारखेवरून ओळखा.) दुष्काळाचा स्थानिक तपशील हवा असेल तर १८८४ मध्ये निघालेला मुंबई गॅझेटियरचा २१ वा खंड, म्हणजे बेळगाव जिल्ह्याचा, शेजारी उघडा ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. इंटरनेट आर्काइव्हवर तो फुकट मिळतो. धारवाड २२ वा, विजापूर २३ वा.

कापसाच्या जकातीचा धागा मात्र चांगला सापडतो. आयात सुती मालावरची ५ टक्के जकात लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना खुपत होती. व्हाइसरॉय नॉर्थब्रुकनी १८७५ च्या कायद्यात ती ठेवली, सॉल्सबरींनी ती काढण्यासाठी दबाव आणला, नॉर्थब्रुक पद सोडून गेले आणि त्यांच्या जागी लिटन आले. धारवाड-गोकाककडच्या कापूस पिकवणाऱ्या मुलखाने हे वाचावं, भाषणांतली सभ्य भाषा बाजूला काढून. आय.सी.एस.ची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचा १८७६ चा निर्णयही सॉल्सबरींचाच. परीक्षा लंडनलाच, त्यामुळे हिंदी मुलांची वाट जवळजवळ बंद.

पंतप्रधानकीची वर्षं हिंदुस्थानच्या दृष्टीने कोरडी आहेत. परराष्ट्रखातं त्यांनी बराच काळ स्वतःकडे ठेवलं होतं, त्यामुळे उत्तरं आर्मेनिया, इजिप्त, क्रीट, चीनची. एक अपवाद: मार्च १८९० मध्ये लॉर्ड्समधली कायदेकौन्सिलांच्या विधेयकावरची चर्चा. निवडणुकीचं तत्त्व पूर्वेकडच्या लोकांच्या परंपरेत आणि मनोवृत्तीत बसत नाही, हे त्यांनी तिथे स्वच्छ सांगितलं. त्यातून १८९२ चा कायदा निघाला, ज्यात निवडणूक हा शब्द टाळून मागच्या दाराने ती आणावी लागली. कॉमन्समध्ये १८९२ चं विधेयक भारत खात्याचे उपमंत्री कर्झन यांनी चालवलं.

मराठी वाचकाला सॉल्सबरी ज्या दोन वाक्यांमुळे माहीत असतात, ती दोन्ही इथे भाषण म्हणून मिळणार नाहीत. दादाभाईंना उद्देशून ‘काळा माणूस’ म्हटलं ते नोव्हेंबर १८८८ मध्ये एडिंबरोच्या जाहीर सभेत. हिंदुस्थानचं रक्त काढायचंच तर साकळलेल्या जागी नस्तर लावा, हे १८७५ च्या सरकारी टिपणातलं. मरणपंथाला लागलेल्या राष्ट्रांवरचं १८९८ चं भाषणही अल्बर्ट हॉलमधलं. हॅन्सार्ड म्हणजे फक्त सभागृह. टिपणं, खलिते, खासगी पत्रं, मैदानी भाषणं त्याच्या बाहेर. सरकारी कागदपत्रांच्या ‘ब्लू बुक’चा मोठा डिजिटल संग्रह वर्गणीचा आहे, तो विद्यापीठामार्फतच मिळू शकतो. राणी चन्नम्मा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ग्रंथालयात आधी तशी सोय आहे का ते विचारावं.

मजकुराच्या दर्जाबद्दल. १९०९ पूर्वीचं हॅन्सार्ड शब्दशः नोंद नव्हतं, बरंचसं वर्तमानपत्रांतल्या वृत्तांतांवरून बेतलेलं असे. बड्या मंत्र्यांची भाषणं बहुधा प्रथमपुरुषी येतात, बाकीच्यांची ‘ते म्हणाले की’ अशा आटवलेल्या रूपात. आटवलेल्या वाक्याला अवतरणचिन्हं लावून ‘सॉल्सबरी यांचे शब्द’ म्हणून छापू नये. शतकाच्या शेवटाकडच्या खंडांत वक्त्याच्या नावाआधी तारांकन दिसलं तर भाषण वक्त्याने स्वतः तपासलेलं आहे, ते जास्त भरवशाचं.

स्कॅनिंगने इंग्रजी गद्य ठीक वाचलं आहे, पण कोष्टकं पार मोडली आहेत: रुपये, पौंड, एकर एकाच ओळीत वाहून जातात, १ आणि इंग्रजी ‘एल’ यांची अदलाबदल होते. आकडा घ्यायचाच असेल तर त्या खंडाचं मूळ पानाचं चित्र इंटरनेट आर्काइव्ह किंवा गूगल बुक्सवर गाठून ताडून घ्या. मराठी आणि कन्नड गावांची नावं तर एकाच भाषणात दोन तऱ्हांनी येतात.

मोबाइलवरच्या आपोआप मराठी भाषांतरावर वाचायचा विचार असेल तर सोडून द्या. लॉर्ड्समध्ये नाव घेत नाहीत. ‘समोरचे नोबल ड्यूक’ म्हणजे बहुधा आर्गाइल, जे १८६८ ते ७४ भारतमंत्री होते, पण हे यंत्राला कळत नाही आणि तीन वाक्यांत कर्ता हरवतो. मूळ इंग्रजीच वाचावं, वाटल्यास परिच्छेद तोडून. छापायचं असेल तर झेरॉक्स सेंटरवर पान थेट प्रिंटला देऊ नका, मोठी चर्चा फार लांबते. हवा तो भाग कॉपी करून, वर तारीख टाकून, अक्षर लहान करून घ्या. कॉपी करताना मजकुराच्या मधे घुसलेले आकडे पुसू नका: ते स्तंभांचे क्रमांक आहेत. हॅन्सार्डचा दाखला पानाने देत नाहीत, स्तंभाने देतात, आणि तळटिपेत सभागृह, तारीख, खंड, स्तंभ या क्रमाने द्यावा लागतो. ‘हॅन्सार्ड, १८६७’ एवढ्यावर शोधनिबंध परत येतो.